फायरवॉलचा बॅकअप घ्यायचा कसा आणि वेळ आली की परत चढवायचा कसा : पीएफसेन्स वापरणाऱ्या नवख्यांसाठी

फायरवॉलच्या बॅकअपची गंमत अशी आहे की तो ज्या दिवशी लागतो नेमकं त्याच दिवशी ऑफिसात नेट नसतं, कारण नेट देणारा डबाच मेलेला असतो. बॅकअप ड्राइव्हवर आहे, ड्राइव्हचा पासवर्ड ऑफिसच्या पीसीत सेव्ह आहे, पीसीला नेट नाही, आणि नवीन इंस्टॉलर डाउनलोड करायचाय तोही नेटवरूनच. म्हणजे फाइल कुठेतरी सुखरूप आहे पण तुमच्या हातात काहीच नाही. म्हणून खाली फाइल कशी काढायची हा भाग छोटाच ठेवलाय, तो दोन मिनिटांचा मामला आहे. खरं काम म्हणजे त्या फाइलीच्या जोडीला काय काय ठेवायचं आणि ती दुसऱ्या डब्यावर कशी बसवायची.

उदाहरणाला पीएफसेन्स हे फायरवॉलचं सॉफ्टवेअर घेतलंय, कारण छोट्या ऑफिसात, क्लासमध्ये, सीएच्या फर्ममध्ये जुना पीसी नाहीतर चार पोर्टचा मिनी पीसी घेऊन बरेचदा हेच टाकलेलं असतं. ओपीएनसेन्स हे त्याचंच २०१५ मध्ये वेगळं झालेलं भावंड, तिथे हेच सगळं सिस्टिम, मग कॉन्फिगरेशन, मग बॅकअप्स या मेनूत मिळेल. फोर्टिगेट, मायक्रोटिक वगैरेंचं शेवटाकडे थोडक्यात सांगतो.

फाइलीत काय असतं, काय नसतं

पीएफसेन्सचं सगळं सेटिंग एकाच एक्सएमएल फाइलीत राहतं. ही पद्धत त्याच्या पूर्वजाकडून, मोनोवॉलकडून आलीय आणि माझ्या मते या सॉफ्टवेअरमधली ही सगळ्यात शहाणपणाची गोष्ट आहे. रूल्स, पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून आलेलं कनेक्शन आतल्या मशीनकडे वळवणं), एलियस (आयपी किंवा पोर्टच्या गटाला दिलेलं नाव), डीएचसीपीत कुठल्या प्रिंटरला कुठला आयपी बांधलाय, व्हीपीएन, सर्टिफिकेट आणि त्यांच्या प्रायव्हेट की, युजर, पॅकेजेसची सेटिंग्ज, सगळं त्यात. एक फाइल सांभाळली की झालं.

पण काही गोष्टी त्यात येत नाहीत. ऑपरेटिंग सिस्टिम येत नाही, पॅकेजेस स्वतः येत नाहीत (फक्त कुठली होती आणि सेटिंग काय होतं एवढं येतं), सुरिकाटा (हल्ले ओळखणारं पॅकेज) किंवा पीएफब्लॉकर (नको ते पत्ते अडवणारं पॅकेज) यांनी डाउनलोड केलेल्या याद्या येत नाहीत, कुणी शेलमध्ये जाऊन हाताने एखादी फाइल बदलली असेल तर तीही नाही. आणि लॉग येत नाहीत. हे मुद्दाम सांगतोय कारण सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांमध्ये लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलंय आणि लोक समजतात की आपण बॅकअप घेतो म्हणजे तेही झालं. नाही झालं, लॉग वेगळ्या सिसलॉग सर्व्हरवर (लॉग साठवणाऱ्या मशीनवर) पाठवावे लागतात, तो विषय वेगळा.

पायरी १ : फाइल काढा

डायग्नोस्टिक्स मेनूत जा, बॅकअप अँड रिस्टोअर उघडा. बॅकअप एरिया ऑल ठेवा. आरआरडी डेटा वगळायची टिक असू द्या, ते फक्त ग्राफचे आकडे असतात आणि फाइल विनाकारण फुगते, ग्राफ जपायचेच असतील तर गोष्ट वेगळी. पॅकेजची माहिती वगळायचाही एक पर्याय आहे, त्याला टिक करू नका. एन्क्रिप्ट करायचा पर्याय आहे त्याबद्दल खाली बोलू. डाउनलोडचं बटण दाबा, फाइल लॅपटॉपवर आली.

आता ती फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून बघा. वर्डमध्ये नको, तो कोट आणि अक्षरं बदलून ठेवतो. वर एक्सएमएलची ओळ आणि त्याखाली पीएफसेन्स नावाचा टॅग दिसला पाहिजे आणि अगदी शेवटी तोच टॅग बंद झालेला दिसला पाहिजे. शेवटचा टॅग नसेल तर डाउनलोड अर्धवट झालंय, परत घ्या. हे बघायला वीस सेकंद लागतात आणि कोणीच बघत नाही.

फाइलीला नाव देताना होस्टनेम आणि तारीख आपोआप येते, त्यात तुम्ही पीएफसेन्सचं व्हर्जन टाका. कारण नियम असा आहे की जुन्या व्हर्जनची फाइल नव्या व्हर्जनवर चढते, ती स्वतःच नव्या साच्यात बदलून घेतली जाते, पण नव्याची फाइल जुन्यावर चढवायला जाऊ नका. फाइलीच्या आत व्हर्जन म्हणून जो आकडा दिसतो तो कॉन्फिगच्या साच्याचा असतो, सॉफ्टवेअरचा नाही, त्यावरून गोंधळ होतो. म्हणून सरळ नावातच लिहायचं.

कधी घ्यायचा? मोठा बदल करायच्या आधी, अपग्रेडच्या आधी, आणि बदल नीट चालतोय असं दोनचार दिवसांनी कळल्यावर परत एकदा. दर सोमवारी वगैरे ठरवून काही उपयोग नाही, महिनाभर कोणी फायरवॉलला हात लावला नसेल तर चार एकसारख्या फाइली जमतात आणि ज्या दिवशी बदल झाला त्या दिवसाची नेमकी नसते.

पायरी २ : ही फाइल पासवर्डच्या वहीसारखी सांभाळा

लॉगिनचे पासवर्ड त्यात हॅश करून असतात ते ठीक आहे, पण तुमच्या ब्रॉडबँडच्या लॉगिनचा म्हणजे पीपीपीओईचा पासवर्ड नुसता बेस ६४ मध्ये असतो, म्हणजे कुठल्याही वेबसाइटवर पेस्ट करून उलगडता येईल असा. सर्टिफिकेटच्या प्रायव्हेट कीचं तेच. आयपीसेक व्हीपीएनची शेअर्ड की तर सरळ वाचता येते. तेव्हा ही फाइल व्हॉट्सॲपवर कुणाला पाठवू नका, अगदी तुमच्या व्हेंडरचा माणूस मागत असला तरी. आणि मदत मागताना लोक अख्खी फाइल इंटरनेटवर चिकटवतात ते तर अजिबातच नको.

क्लाउडवर ठेवली म्हणजे सुरक्षित असंही नाही. सोनिकवॉल या फायरवॉल कंपनीच्या क्लाउड बॅकअपमधल्या फायरवॉलच्या कॉन्फिग फाइली हल्लेखोरांनी काढून घेतल्या हे सप्टेंबर २०२५ मध्ये बाहेर आलं. आधी कंपनी म्हणाली पाच टक्क्यांहून कमी ग्राहक, ऑक्टोबरमध्ये सांगितलं की क्लाउड बॅकअप वापरणारे सगळेच. पासवर्ड एन्क्रिप्टेड होते, पण नेटवर्कचा अख्खा नकाशा तर गेलाच ना. त्याच वर्षी जानेवारीत पंधरा हजारांहून जास्त फोर्टिगेटच्या फाइली इंटरनेटवर फुकट टाकल्या गेल्या होत्या, त्या २०२२ च्या एका त्रुटीतून चोरलेल्या होत्या म्हणतात. म्हणजे फाइल एकदा गेली की दोन वर्षांनीही डोकं वर काढते.

मग एन्क्रिप्ट करायची का? हो, पण एक अडचण समजून घ्या. पीएफसेन्समध्ये पासवर्ड घालून फाइल घेतली तर ती एडिटरमध्ये वाचता येत नाही आणि हार्डवेअर बदलल्यावर ती आधी हाताने दुरुस्त करायची वेळ येऊ शकते (कशी ते पुढे येतंय). म्हणून मला स्वतःला असं आवडतं की फाइल साधी घ्यायची आणि ती एन्क्रिप्टेड पेनड्राइव्हवर किंवा पासवर्ड मॅनेजरच्या अटॅचमेंटमध्ये ठेवायची, आणि बाहेर कुठे पाठवायची असली तरच पीएफसेन्सचं एन्क्रिप्शन वापरायचं. डाउनलोड्स फोल्डरमधली मूळ कॉपी उडवायला विसरू नका.

पायरी ३ : फाइलीबरोबरचं सामान

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. एक पेनड्राइव्ह आणि एक कागद, दोन्ही फायरवॉलच्या जवळ पण कुलपात.

पेनड्राइव्हवर शेवटची एकदोन कॉन्फिग आणि इंस्टॉलर. इंस्टॉलरबद्दल एक गोष्ट नवीन लोकांना माहीत नसते, नेटगेटचा (पीएफसेन्स बनवणारी कंपनी) आत्ताचा इंस्टॉलर इंस्टॉल करताना नेटवरून पॅकेजेस ओढतो, म्हणजे त्याला वॅनवर, म्हणजे इंटरनेटच्या बाजूच्या पोर्टवर, चालू नेट लागतं. आणि तो घ्यायला त्यांच्या स्टोअरमधून शून्य रुपयांची ऑर्डर टाकावी लागते. ज्या दिवशी ऑफिस बंद पडलंय आणि साहेब दर पाच मिनिटांनी येऊन विचारतायत त्या दिवशी हे करत बसू नका, आज करून ठेवा. बूट होतो का तेही एकदा बघून घ्या.

कागदावर काय? पीपीपीओईचं युजरनेम पासवर्ड, स्टॅटिक आयपी असेल तर आयपी, मास्क, गेटवे. कुठली वायर कुठल्या पोर्टला जाते आणि त्या पोर्टचं आतलं नाव काय (डब्यावर स्टिकरच लावा सरळ). लॅनचा म्हणजे ऑफिसच्या आतल्या बाजूचा पत्ता. पीएफसेन्सचा अॅडमिन पासवर्ड. वॅन पोर्टचा मॅक ॲड्रेस (कार्डाचा स्वतःचा हार्डवेअर नंबर), हा मुद्दाम लिहा, कारण आपल्याकडचे बरेच लोकल ब्रॉडबँडवाले कनेक्शन मॅकला बांधून ठेवतात आणि नवीन डबा लावला की लाइन वर येते पण आयपी मिळत नाही, मग त्यांच्या सपोर्टला फोन करत बसा. जुना मॅक माहीत असेल तर इंटरफेसच्या पानावर मॅक ॲड्रेसच्या रकान्यात तो टाकला की काम होतं.

पायरी ४ : आपोआप होणारा बॅकअप

सर्व्हिसेस मेनूत ऑटो कॉन्फिग बॅकअप आहे, २०१८ पासून सगळ्यांना फुकट. चालू केलं की तुम्ही सेटिंग बदलून सेव्ह केलं रे केलं की फाइल आधी तुमच्या पासवर्डने एन्क्रिप्ट होते आणि मग नेटगेटच्या सर्व्हरवर जाते. चालू कराच. पण यात दोन गोष्टी लिहून ठेवाव्या लागतात, एन्क्रिप्शनचा पासवर्ड आणि त्या पानावर दिसणारी डिव्हाइस की. डबा मेला आणि की लिहिलेली नसेल तर तुमचे बॅकअप कुठले ते शोधता येणार नाही, आणि पासवर्ड हरवला तर सापडूनही उघडणार नाहीत, नेटगेटलाही नाही. दोन्ही वरच्या कागदावर टाका. आणि पुन्हा तेच, हा बॅकअप नेटवर आहे, म्हणून पेनड्राइव्ह सुटत नाही.

आता परत चढवणं. यात तीन वेगवेगळे प्रसंग असतात.

प्रसंग पहिला : डबा ठीक आहे, सेटिंग बिघडलंय

फाइल शोधायची गरजच नाही. बॅकअपच्याच पानावर कॉन्फिग हिस्टरीचा टॅब आहे, प्रत्येक सेव्हची कॉपी तिथे राहते, नेहमीच्या सेटिंगमध्ये शेवटच्या ३० वगैरे. दोन नोंदी निवडून फरक बघता येतो, कुठली ओळ बदलली ते लाल हिरव्यात दिसतं, मग जुनी नोंद परत लागू करा. इथे डबा आपोआप रीस्टार्ट होत नाही, किरकोळ बदल असेल तर चालतं पण इंटरफेस वगैरे मागे नेला असेल तर स्वतः रीबूट करा.

आणि स्वतःच रूल टाकून स्वतःलाच बाहेर कोंडलं असेल, वेबचं पानच उघडत नसेल, तर डब्याला मॉनिटर कीबोर्ड लावा. कन्सोलच्या मेनूत १५ नंबरला अलीकडचं कॉन्फिगरेशन परत आणायचा पर्याय आहे. तिथून मागची नोंद निवडा. म्हणून कपाटावर बसवलेल्या डब्याजवळ एक जुना मॉनिटर ठेवायची सोय असावी, किंवा निदान ती केबल.

कधीकधी सगळं नको असतं, फक्त एक भाग हवा असतो, समजा कोणीतरी डीएचसीपीच्या नोंदी उडवल्या. तेव्हा रिस्टोअर एरियात तेवढाच भाग निवडा. लक्षात ठेवा की तो भाग पूर्ण बदलला जातो, जुनं नवं एकत्र होत नाही. आणि फक्त रूल्स आणत असाल तर त्यांत वापरलेली एलियस आधी आहेत ना ते बघा, नाहीतर रूल दिसतो पण ज्या नावाकडे बोट दाखवतोय ते नावच नाही.

प्रसंग दुसरा : एसएसडी गेली, बाकी डबा तोच

नवीन डिस्क घाला, पेनड्राइव्हवरून परत इंस्टॉल करा. इंस्टॉल झाल्यावर डबा १९२.१६८.१.१ वर येतो, युजर अॅडमिन आणि पासवर्ड पीएफसेन्स, सगळं स्मॉल अक्षरात. इथे एक भारतीय खड्डा आहे, ब्रॉडबँडवाल्याच्या बऱ्याच ओएनटीचा (फायबर येतो त्या डब्याचा) पत्ताही १९२.१६८.१.१ च असतो, मग वॅन आणि लॅन दोन्हीकडे तेच नेटवर्क येतं आणि काहीच चालत नाही आणि माणूस तासभर केबल बदलत बसतो. कन्सोलवर २ नंबरचा पर्याय घेऊन लॅनला तात्पुरता दुसरा पत्ता द्या, किंवा फाइल चढेपर्यंत वॅनची वायर काढून ठेवा.

लॅपटॉप लॅनला लावा, बॅकअप अँड रिस्टोअर उघडा, फाइल निवडा, रिस्टोअर दाबा. पूर्ण फाइल असेल तर डबा स्वतःच रीबूट होतो. आता ब्राउझर तसाच फिरत राहील, घाबरू नका. लॅनचा पत्ता आता तुमच्या जुन्या सेटिंगचा झालाय, पासवर्डही जुनाच परत आलाय. लॅपटॉपची वायर काढून लावा म्हणजे नवीन आयपी मिळेल, मग जुन्या पत्त्यावर जुन्या पासवर्डने आत जा.

वॅनची वायर काढली असेल तर ती रीबूटच्या आधी परत लावा, कारण डबा वर आल्यावर मागे गुपचूप पॅकेजेस नेटवरून परत बसवत असतो. त्याला वेळ द्या. मध्येच पॉवर बंद चालू केलीत तर अर्धी पॅकेजेस बसतात आणि मग भलत्याच एरर येतात. तसं झालंच तर बॅकअपच्याच पानावर पॅकेजेस परत इंस्टॉल करायचं बटण आहे. पीएफब्लॉकर आणि सुरिकाटाच्या याद्या हाताने एकदा अपडेट करून घ्या.

प्रसंग तिसरा : डबाच नवीन

वळवाच्या पावसात वीज पडली, बाहेरून आलेल्या तांब्याच्या केबलमधून पोर्ट उडाला, बोर्डही गेला. आता दुसऱ्या कंपनीचा मिनी पीसी आणलात. इथे अडचण नावांची येते. जुन्या डब्यात नेटवर्क कार्डांची नावं ईएम शून्य, ईएम एक अशी होती, नव्यात आयजीबी शून्य, आयजीबी एक आहेत, किंवा स्वस्तातला डबा असेल तर रियलटेकची आरई शून्य. फाइलीत जुनी नावं लिहिलेली आहेत आणि ती कार्डं आता नाहीत.

पहिला मार्ग, फाइल तशीच चढवा. नावं जुळत नाहीत हे पीएफसेन्सला कळतं आणि तो इंटरफेस नेमायचं पान पुढे करतो, तिथे वॅन कुठला लॅन कुठला ते निवडा, सेव्ह करा. दोन पोर्टचं साधं ऑफिस असेल तर हे पुरतं.

दुसरा मार्ग, चढवायच्या आधीच फाइल एडिटरमध्ये उघडून जुनी नावं बदला. व्हीलॅन (एकाच पोर्टवर चालवलेली वेगवेगळी नेटवर्कं) असतील तर मी हाच सुचवेन, कारण कार्डाचं नाव फक्त इंटरफेसेसच्या भागात नसतं, व्हीलॅनच्या भागातही असतं आणि पीपीपीओई असेल तर पीपीपीच्या भागातही. फाइंड रिप्लेस करताना सगळीकडे एकदम करू नका, एकेक बघत करा, दोन लहान अक्षरं आणि एक आकडा असलेलं नाव भलत्याच ठिकाणी, समजा एखाद्या सर्टिफिकेटच्या लांबलचक अक्षरांमध्ये, सापडू शकतं आणि तिथे बदललं तर ते सर्टिफिकेट मेलं. बदललेली फाइल नव्या नावाने सेव्ह करा, मूळ तशीच राहू द्या.

चढवून झालं की काय बघायचं

वॅनला आयपी आलाय का, गेटवे हिरवा आहे का, नावं उघडतायत का म्हणजे डीएनएस. मग घड्याळ बघा! जुन्या डब्याची सीमॉसची बॅटरी गेलेली असते, तारीख भलतीच असते आणि त्यामुळे व्हीपीएन सर्टिफिकेट चुकीचं म्हणून लागत नाही, आणि माणूस व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये तास घालवतो. पोर्ट फॉरवर्ड तपासताना ऑफिसच्या वायफायवरून बघू नका, मोबाइलच्या डेटावरून बघा, आतून बघितलं तर निकाल फसवा असतो. प्रिंटर आणि डीव्हीआर आपापल्या जुन्या आयपीवर आलेत का बघा, तिथेच पहिली तक्रार येते.

एकदा सराव करा

व्हर्च्युअलबॉक्समध्ये दोन नेटवर्क कार्डांचं मशीन करा, पीएफसेन्स टाका, स्वतःची फाइल चढवा. नावं बदलायचा सरावही होतो कारण तिथे कार्डं वेगळीच असतात. पण फाइल चढवायच्या आधी त्या मशीनच्या वॅन कार्डाची केबल तोडा, म्हणजे केबल कनेक्टेड अशी टिक असते ती काढून टाका. नाहीतर तुमच्या खऱ्या फायरवॉलची जुळी बहीण नेटवर येते, ती डायनॅमिक डीएनएसमध्ये स्वतःचा पत्ता टाकते, दुसऱ्या ब्रँचचा व्हीपीएन टनेल स्वतःकडे ओढायला बघते, आणि सरावाच्या नादात चालू ऑफिस बंद. वॅन बंद म्हणजे पॅकेजेस बसणार नाहीत, ते ठीक आहे, सराव रूल्स आणि इंटरफेसचा आहे.

बाकीच्या डब्यांबद्दल थोडं

फोर्टिगेटमध्ये वर उजवीकडे अॅडमिनच्या नावावर क्लिक केलं की कॉन्फिगरेशनमध्ये बॅकअप आणि रिस्टोअर मिळतं, फाइलीची पहिलीच ओळ मॉडेल आणि व्हर्जन सांगते, ती ओळ बघूनच ठरवा कुठे चढवायची. मायक्रोटिकमध्ये दोन प्रकार, एक बायनरी बॅकअप जो त्याच डब्यासाठी आहे आणि एक एक्सपोर्ट जो वाचता येतो. दोन्ही घ्या, पण एक्सपोर्टमध्ये युजरचे पासवर्ड आणि सर्टिफिकेट येत नाहीत, आणि व्हर्जन ७ पासून बाकीची गुपितंही मुद्दाम मागितल्याशिवाय येत नाहीत. सिस्कोच्या एएसएमध्ये शो रन करून कॉपी पेस्ट केलेला बॅकअप दिसायला पूर्ण दिसतो पण व्हीपीएनच्या शेअर्ड कीच्या जागी नुसते तारे असतात, तो चढवला की टनेल लागत नाहीत. त्यासाठी मोर सिस्टिम रनिंग कॉन्फिग ही कमांड आहे, त्यात खऱ्या की दिसतात.

नवीन डब्यावर सगळं सुरू झालं की त्याच दिवशी त्याचा बॅकअप घ्या, कारण कार्डांची नावं बदललीत आणि जुनी फाइल आता या डब्याची राहिलेली नाही. मॅक, पोर्टचे स्टिकर आणि डिव्हाइस की कागदावर परत लिहा, जुनी की खोडू नका, तिच्याखालचे बॅकअप अजून लागतील.